नाणेघाट, पायवाटेविना

मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला जाई. तेथील लेण्यांत यवन दात्यांचीही नावे कोरलेली आहेत. गुडघे दुखत असतील तर ही वाट धरू नये. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. एवढ्यासाठी वडीलधाऱ्यांना घरी ठेवून जाणे मला मान्य नाही. माळशेज घाट चढून जुन्नरमार्गे घाटघरला जावे. गाडी माथ्याजवळ पोहोचते. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण तेथेच आहे. नागनिकेच्या ब्राह्मी लेखाची गुहा थोडी खाली, ओबडधोबड दगडांवरून. पावसाळा टाळून, काठी आणि सोबतीचा हात घेऊन, सावकाश उतरावे. न जमल्यास रांजणाजवळ बसून कोकण पाहावे.