दाम कामाचा की गावाचा?

गेल्या आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी अकोटला आम्हांस भेटावयास घरी आला. शाळेत गणितात हुशार, पुढे अभियांत्रिकीची पदवी, पुण्यात काही वर्षे नोकरी आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेला. आता तो अकोटच्या आपल्या घरात बसून अमेरिकेतील एका कंपनीचे काम करतो. त्याने एक कागद आमच्यापुढे ठेवला. नेमणुकीची बोलणी झाली तेव्हा कंपनीच्या दप्तरी त्याचा पुण्याचा पत्ता होता. आपण आता अकोटला राहतो, असे त्याने प्रामाणिकपणे कळविताच ठरलेल्या पगारातून पाचवा हिस्सा कमी करण्यात आला. "सर, काम तेच, संगणक तोच, वेळही तीच. फक्त गाव बदललं. मग पगार का बदलावा?" असे त्याने विचारले. त्यास तेथल्या तेथे समाधानकारक उत्तर आम्हांस देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा राहिलेला नाही.

आजवर परदेशी नोकरी म्हणजे परदेशी जाणे, असा सरळ हिशेब होता. त्या वाटेवर निदान काही कायद्याचे कुंपण तरी असते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेथे जाणाऱ्या आपल्या माणसास त्याच कामावरील जर्मन कामगारापेक्षा हलक्या अटींवर ठेवता येत नाही, असा त्या देशाचा कायदा आहे. परंतु माणूस घरीच राहिला आणि त्याचे काम तेवढे सातासमुद्रापार गेले, तर हे कुंपण नाहीसे होते. मालक एका देशात, नोकर दुसऱ्या देशात. अशा वेळी वेतन कोणत्या देशाच्या मापाने मोजावयाचे, हे बहुतेक मालकाच्या मर्जीवर राहते.

मालकाची बाजू आधी नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणतो की, डॉलरचे रुपये करून अकोटात खर्च केले तर ते अमेरिकेपेक्षा पुष्कळ पुरतात. हे खोटे नाही. जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ च्या किंमत-तुलनेत असे दिसून आले की, अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत. आणि त्या वर्षी बाजारात डॉलरला मिळत ६५.१२ रुपये. म्हणजे येथे आलेला डॉलर तिपटीहून अधिक पुरत होता. शिवाय दोन्हीकडे एकच पगार द्यावयाचा, तर परदेशी मालकाने इतक्या दूरचा माणूस नेमण्याचे कष्ट घ्यावेत कशाला? वेतनातील अंतरामुळेच हे काम आपल्या दारी आले आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. न्यूयॉर्कचा आकडा जसाच्या तसा अकोटला मिळावा, असा आमचा हट्ट नाही.

तथापि या युक्तिवादात एक खोट आहे, आणि ती ओळखावयास वऱ्हाडच्या माणसास अर्थशास्त्राचे ग्रंथ चाळण्याची गरज नाही. त्याचा कापूस त्यास ती शिकवून गेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि भाव चढले ते आपल्या वऱ्हाडात. युद्ध संपले तसे ते कोसळले. १८७० साली मुंबई समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेली. राली आणि व्होलकार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्या येथे कापूस खरेदी करीत, तेव्हा त्यांची नजर लिव्हरपूलच्या भावावर असे. शेतकऱ्याचे घर कुडाचे आहे की चिरेबंदी, त्याच्या ताटात ज्वारीची भाकर आहे की गव्हाची पोळी, यावर कापसाचा भाव ठरत नव्हता. जगाच्या बाजारातील भावातून वाहतूक, हमाली, दलाली आणि प्रतीची तूट वजा होऊन जे उरे, ते शेतकऱ्याच्या पदरी पडे. त्या वजावटीतही त्याची लूट होत असे, हे खरे. पण भावाचे मूळ शेतकऱ्याच्या दारिद्र्यात नसून मालाच्या मागणीत होते.

आमच्या विद्यार्थ्याचे काम तर तारेवरून जाते. त्यास ना रेल्वेभाडे, ना हमाली. मग वजावट कसली? तो स्वस्तात जगतो म्हणून, एवढेच उत्तर उरते. कापसाच्या गाठीस जो न्याय मिळाला, तो बुद्धीच्या कामास नाकारण्याचे हे समर्थन होऊ शकत नाही.

या ठिकाणी 'स्पर्धात्मक वेतन' हा शब्द पुढे केला जातो. पण स्पर्धा कोणाशी? अकोटात या कामाचा बाजारच नाही. मग अकोटचा दर म्हणून जो सांगितला जातो तो आला कोठून? त्या मुलाची किंमत करणारे दुसरे गिऱ्हाईक पुण्यात आहे, हैदराबादेस आहे, बंगळुरूस आहे. आणि घरबसल्या माणसे नेमणारी दुसरी परदेशी कंपनीही आहे. तो कोणत्या गावी निजतो यापेक्षा त्यास उद्या कोण बोलावू शकतो, यावरून त्याचा बाजार ठरतो. हे न ओळखणारा मालक माणूस स्वस्तात घेतो आणि वर्षाच्या आत गमावतो. नवा शोधणे, त्यास शिकविणे, मधल्या काळात अडलेले काम, या सर्वांचा हिशेब केला तर तो स्वस्त माणूसच त्यास महाग पडतो.

"नेटिवास थोडक्यात भागते" हे तत्त्व आपल्याला नवे नाही. १८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्याच कामासाठी हिंदी माणसास युरोपीय प्राध्यापकाहून कमी वेतन देण्याची रीत होती. बोस यांनी तीन वर्षे काम केले, पण तो पगार घेतला नाही. अखेर सरकारला त्यांचे म्हणणे मान्य करून मागील रक्कम चुकती करावी लागली. आजचा परदेशी मालक राज्यकर्ता नव्हे आणि त्याची नोकरी कोणावर लादलेली नाही, हा फरक आम्ही विसरत नाही. परंतु त्याचा युक्तिवाद तोच जुना असेल, तर तो तपासून पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मग योग्य रीत कोणती? जगात आज दोन टोके दिसतात. गिटलॅब या कंपनीने माणसाच्या ठिकाणानुसार वेतनास गुणक लावण्याची पद्धत अंगीकारली. पण तो हिशेब तिने उघडपणे मांडला. उलट शिकागोच्या 'थर्टीसेव्हन सिग्नल्स' या कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोचा दर पायाभूत धरून, माणूस कोठेही राहो, एका कामास एकच वेतन हे धोरण जाहीर केले. पण या दोहोंच्या मधली एक वाट आपल्या घरीच आहे, आणि शिक्षकी पेशात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या आम्हांस ती चांगली परिचित आहे. सरकारी नोकर मुंबईस असो वा अकोटला, एका पदाचे मूळ वेतन एकच असते. फरक पडतो तो मुख्यतः घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्र शासनाने शहरांच्या तीन वर्गांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के ठेवला. महागाई भत्ता वाढल्यावर २०२४ च्या जानेवारीपासून तो ३०, २० आणि १० टक्के झाला. घर महाग तेथे भत्ता जास्त, हे कोणासही पटते. पण गाव लहान म्हणून कामच हलके, असे हा नियम म्हणत नाही. परदेशी मालकानेही हेच करावे: देशभरातील त्या कामाच्या बाजारावरून मूळ वेतन ठरवावे, ठिकाणाचा फरक मर्यादित आणि वेगळा दाखवावा, आणि तो कसा काढला हे नेमणुकीपूर्वीच सांगावे.

पगाराचा आकडा म्हणजेच वेतन, या भ्रमातही आपल्या तरुणांनी राहू नये. पहिली गोष्ट चलनाची. २०१४ साली डॉलर साठ-बासष्ट रुपयांच्या आसपास होता. २०२४ च्या अखेरीस तो पंच्याऐंशीला टेकला. पगार रुपयांत बांधून घेतला तर रुपयाच्या घसरणीचा लाभ मालकास मिळतो. डॉलरमध्ये घेतला तर लाभ नोकराचा, पण रुपया वधारल्यास तोटाही त्याचाच. म्हणून चलन कोणतेही असो, दर वर्षी फेरविचाराचे कलम हवे. दुसरी गोष्ट नात्याची. नोकर म्हणून नेमणूक असेल तर भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा येतो, ग्रॅच्युइटी येते, रजा येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी तर ठरावीक मुदतीच्या नोकरासही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. परंतु पुष्कळ कंपन्या माणसास नोकर न म्हणता स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. मग यांतले काहीच मिळत नाही. विमा त्याचा, संगणक त्याचा, आजारपणाचा खाडाही त्याचाच. अशा वेळी आकडा मोठा दिसतो, पण पदरात कमी पडते. तिसरी गोष्ट झोपेची. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तेथली कचेरी पाचला सुटते तेव्हा येथे पहाटेचे साडेतीन. रात्रीच्या या जागरणाचे मोल करारात कोठे आहे, हे विचारण्यात संकोच कसला? आपला मध्यमवर्गीय मुलगा गणितात कच्चा नसतो. पैशाचे बोलणे मात्र त्यास अशिष्ट वाटते. हा दोष आम्हां शिक्षकांचा आणि पालकांचाही आहे.

येथवर लिहून झाल्यावर एक प्रश्न आमच्या मनास टोचत राहिला. कापूस वेचणीच्या आणि हरभऱ्याच्या दिवसांत मेळघाटातून कोरकू कुटुंबे आमच्या सपाटीवर उतरतात. त्यांची मजुरी ठरविताना आपण काय म्हणतो? "डोंगरातली माणसं, त्यांना काय लागतं?" हेच की नाही? अमेरिकेतील मालक अकोटकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने अकोट मेळघाटाकडे पाहत आले आहे. किमान वेतनाचा कायदा कागदावर आहे. पण शेताच्या धुऱ्यावर भाव ठरतो तो बहुधा समोरच्याच्या गरजेवरून. परदेशी कंपनीकडे न्याय मागावयाचा आणि आपल्या शेतात तोच न्याय नाकारावयाचा, हे दुटप्पी वर्तन आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीही शेत आहे, हे आम्ही त्यास सांगणार आहोत.

या प्रश्नात पगाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा मोठे काही गुंतलेले आहे. आजवर आमची हुशार मुले एकदा अकोट सोडून गेली की दिवाळीपुरतीच परत आली. आता प्रथमच अशी वेळ आली आहे की, मुलगा आई-वडिलांजवळ राहील, गावच्या शाळेच्या कामात लक्ष घालील, आपली मिळकत गावच्या बाजारात खर्च करील आणि तरीही जगाच्या तोडीचे काम करील. परंतु गावी राहण्याबद्दल दंड भरावा लागत असेल तर तो उद्या पुन्हा पुण्याची गाडी धरील, आणि त्यास दोष देता येणार नाही. म्हणून त्याने त्या कंपनीस शांतपणे, पण लेखी विचारावे: माझ्या कामात कोणती तूट आली, ती दाखवा, आणि ठिकाणाचा फरक कोणत्या हिशेबाने काढला, तो मांडा. उत्तर आले तर त्यावर बोलणी करावी. न आल्यास दुसरे गिऱ्हाईक पाहावे. कापूस विकावयास निघालेला त्याचा आजाही एका व्यापाऱ्याच्या बोलीवर गाडी रिकामी करीत नसे.