थापटणं कुणाच्या हातात?

आपल्या चळवळीची आणि यीस्टची ओळख जुनी आहे, पण ती हातभट्टीच्या पिंपापुरती. गावोगावच्या बायांनी काळ्या गुळाच्या रसायनाची पिंपं उलटी केली, तेव्हा त्या रसायनात राबणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव हाच होता. पाव फुगवतो तोही हाच. आता हा जीव आणखी एका धंद्यात कामाला लागला आहे. अत्तर, साबण, आइस्क्रीम यांत घालायचे वास आणि स्वाद तो तयार करतो. या धंद्याबद्दल बायांच्या संघटनांनी बोलायला हवं, असं मला वाटतं.

काम असं चालतं. झाडात वास तयार होतो तो विकरांमुळे, आणि विकर कसं घडवायचं याचा निरोप जनुकात असतो. तो जनुक यीस्टमध्ये घालायचा आणि मोठ्या टाकीत त्याला साखर पाजायची. मग यीस्ट वासाचं द्रव्यही तयार करू लागतं. सांगायला दोन ओळी लागल्या, पण करायला वर्षानुवर्षं जातात. व्हॅनिलाचा वास ज्या द्रव्याचा, ते व्हॅनिलिन यीस्टलाच बाधतं. २००९ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याला साखरेचा एक रेणू जोडून ते सौम्य केलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. २०१४ मध्ये फर्मेनिक या स्विस कंपनीने पचौलीसारखा वास यीस्टकडून करवून बाजारात आणला.

काही वेळा जनुक बदलावाही लागत नाही. यारोविया नावाचं एक यीस्ट आहे. त्याला एरंडेल दिलं की ते त्यातल्या आम्लाची लांब साखळी तोडत तोडत आणतं आणि शेवटी पीच या फळाचा वास येणारं द्रव्य उरतं. पीच आपल्यापैकी किती जणींनी खाल्लंय कोण जाणे, पण नाक दाबून पाजलेलं एरंडेल सगळ्यांच्या आठवणीत असेल!

हे सगळं मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरकडे बघत लिहिते आहे. तेरचं जुनं नाव तगर. तगर हे एका सुगंधी मुळाचंही नाव, वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या गंधयुक्तीच्या प्रकरणात ते येतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. मलमलीची नोंद झाली, बंदरांची झाली. सूत कातणाऱ्या हातांची मात्र कुणी केली नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, तशीच इटलीतल्या पाँपेईच्या ढिगाऱ्यातही सापडली. बाईची मूर्ती समुद्रापार पोचली, बाईचं नाव नाही.

तेर गोरोबाकाकांचंही गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात नेहमी मुक्ताबाई आवडते, कारण विषय तिने काढला. पुढच्या काळात, विशेषतः विज्ञानात, थापटणं पुरुषांच्याच हाती राहिलं आणि बाई समोर आली की न मारताच ‘कच्चं’ म्हणायची रीत पडली.

कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथे सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या. मग प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर तात्पुरता, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित करायचं नाही. म्हणजे पुरुषांच्या नजरेची जबाबदारीसुद्धा तिचीच! वर्षभर काम पाहून रामन यांना पुढे होकार द्यावा लागला. पुढे केंब्रिजमध्ये, जिथे केलिन यांनी १९२५ च्या सुमारास यीस्टमध्येही सायटोक्रोम पाहिलं होतं, तिथे कमलाबाईंनी ते बटाट्यासारख्या वनस्पतीत दाखवून दिलं आणि १९३९ मध्ये पीएच. डी. मिळवली. कमला सोहोनी म्हणून मुंबईत त्यांनी नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे यीस्टने हात लावण्याआधीचा ताडाचा रस. गरिबांच्या पोषणाचा विचार त्यामागे होता. एवढं करूनही संस्थेचं संचालकपद त्यांना उशिरा मिळालं.

यारोविया यीस्टवर पुण्यातही काम झालं आहे आणि तेही बायांनी. १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या अदिती पंत आणि स्मिता झिंजर्डे यांनी मुंबईजवळच्या तेलाने नासलेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळालेल्या यारोवियाचा १९९० च्या दशकात अभ्यास केला. तेल खाणारा जीव म्हणून त्यांना त्यात रस होता. त्याच जातीचं यीस्ट परदेशात स्वादाच्या धंद्यात पैसा मिळवून देत होतं. याचा अर्थ ज्ञान इथेही होतं, आणि बायांकडे होतं. पण १ एप्रिल २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार संशोधनात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत स्त्रिया १६.६ टक्केच होत्या. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला पहिल्या स्त्री महासंचालक मिळायला २०२२ उजाडलं. विज्ञान शाखेच्या वर्गात मुलींची गर्दी असते, मग त्या जातात कुठे? लग्न, बदली, बाळंतपण, सासूचं आजारपण. या वाटेने गेलेल्या मुली आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत आहेत.

मुली प्रयोगशाळेत पोचल्या की प्रश्न संपला, असं मात्र मी म्हणणार नाही. टाकीतल्या यीस्टला साखर लागते, आणि साखर येते उसातून. वासाच्या बाटलीवर ‘नैसर्गिक’ असं लिहितात. आंबवून केलेल्या स्वादाला अमेरिकेत आणि युरोपात कायदा ठरावीक अटींवर तसं म्हणू देतो. बाजारातल्या व्हॅनिलिनपैकी शेंगेतून येतं ते एक टक्क्याहूनही कमी, बहुतेक खनिज तेलापासून बनतं. म्हणून व्हॅनिलाच्या बाबतीत यीस्ट आलं तर मला वाईट वाटत नाही. पचौलीचं तसं नाही, ती इंडोनेशियातले लहान शेतकरी पिकवतात. आणि ऊस? धाराशिव-बीडकडून दरवर्षी जोड्या तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कामाचा खाडा नको, दंड नको, म्हणून. ब्राझीलमध्ये सुगंधाच्या टाक्या उसाच्या मळ्यांशेजारी उभ्या राहिल्याच आहेत. उद्या आपल्याकडच्या साखर कारखान्यांनी मद्यार्काबरोबर वासही काढायला घेतले तर बातम्यांत ‘हरित उद्योग’ असं छापून येईल. त्या कोयत्याचं काय, हे तेव्हा विचारण्यापेक्षा आत्ताच विचारलेलं बरं. कारखान्याने उचल आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या नावे द्यावी, पाळीच्या आणि आजारपणाच्या खाड्याला दंड नसावा, ही मागणी जुनीच आहे. तिला हे नवं कारण जोडून घ्या.

दुसरं काम गावातलं. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असायला हवी, तिच्यात किमान एक-तृतीयांश बाया हव्यात, आणि गावातल्या वनस्पतींची, त्यांच्या उपयोगांची लोकजैवविविधता नोंदवही हवी. जनुकाचा क्रम आता संगणकावरून मिळतो, झाड हलवावंही लागत नाही. अशा माहितीवर पैसा मिळवणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा म्हणून २०२५ मध्ये काली निधी नावाचा जागतिक निधी सुरू झाला. त्यातला निदान अर्धा हिस्सा आदिवासी आणि स्थानिक समाजांना, त्यांतल्या स्त्रियांनाही धरून, मिळावा असं ठरलं आहे. कंपन्यांचं देणं मात्र ऐच्छिक आहे, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये.

पुढच्या ग्रामसभेत उभं राहून ती नोंदवही मागा. बाळंतिणीची धुरी, केसांचं तेल, आंबील, औषधी मुळ्या यांची माहिती कुणी सांगितली म्हणून लिहिलं आहे, ते वाचून दाखवायला सांगा. ‘गावातील जाणकार’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तिथल्या तिथे बायांची नावं घालून घ्या.