शिडीवरचा मासा

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार रंगतो आणि दुसऱ्या दिवशी एखादे सुशिक्षित गृहस्थ आपल्याला हमखास समजावतात, "उत्क्रांतिवाद आपल्याकडे आधीपासूनच होता. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह आणि शेवटी माणूस!" ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. मला मात्र हे विधान दोन्ही बाजूंनी अन्यायाचे वाटते. दशावतार हे आपल्या मातीचे वैभव आहे. त्याला डार्विनच्या शिफारसपत्राची गरज नाही. आणि उत्क्रांती म्हणजे खालच्या पायरीवर मासा व वरच्या पायरीवर माणूस अशी शिडी नव्हे.

हे ज्याच्याकडून शिकावे असा एक प्राणी आहे. त्याचे नाव फुप्फुसमीन. आज त्याच्या फक्त सहा जाती जिवंत आहेत : चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. आफ्रिकेतला फुप्फुसमीन तळे आटू लागले की चिखलात बीळ करून शिरतो, अंगाच्या चिकट स्रावाचे वेष्टन करून घेतो आणि पाऊस येईपर्यंत, प्रसंगी काही वर्षेसुद्धा, हवेवर श्वास घेत पडून राहतो. अन्न म्हणून स्वतःचेच स्नायू झिजवतो.

या माशाने भल्याभल्या पंडितांना चकवले. 1837 साली फिट्झिंगर यांनी दक्षिण अमेरिकेतील जातीला माशासारखा सरपटणारा प्राणी ठरवले. 1839 साली ओवेन यांनी आफ्रिकेतील जातीला मासाच म्हटले. 1838 साली अगासी यांनी नुसत्या दातांवरून 'सेराटोडस' हे नाव दिले. असेच दात नागपूरच्या दक्षिणेस, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मळेडी येथेही सापडले. सिरोंच्यापासून फार दूर नसलेले हे गाव आज तेलंगणात आहे. 1859 साली ओल्डहॅम यांनी त्या दातांचे वर्णन केले आणि एका जातीला नागपूरच्या रेव्हरंड हिस्लॉप यांचे नाव दिले. ते खडक बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्या दातांचा धनी केव्हाच नामशेष झाला असे सर्वांनी धरले होते; तोच 1870 साली ऑस्ट्रेलियात त्याचा जिवंत भाऊबंद निघाला!

डार्विनचीही एक समजूत पुढे उलटी ठरली. वाताशयापासून, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून, फुप्फुस झाले असे तो मानी. आजचे शास्त्र सांगते की फुप्फुस आधीचे; बहुतेक माशांत त्याचाच पुढे वाताशय झाला. म्हणजे या बाबतीत जुने अवयव आपण जपले आणि बदलली ती सुरमई. नात्याने पाहिले तर फुप्फुसमीन सुरमईपेक्षा आपल्याला जवळचा. 2021 आणि 2024 साली झालेल्या त्याच्या जनुकसंचाच्या वाचनानेही याला पुष्टी मिळाली. त्यातील दक्षिण अमेरिकी जातीचा जनुकसंच तर माणसाच्या सुमारे तीसपट मोठा निघाला! मग शिडीवर कोण वर आणि कोण खाली?

आपल्याकडे फुप्फुसमीन नाही. पण हवेवर जगणारे मासे आहेत. शेततळ्यातली मरळ डोक्यातल्या खास पोकळीत हवा भरून घेते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरते. खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ओल्या कातडीने आणि तोंडाच्या अस्तराने श्वास घेते. दोघींना फुप्फुस नाही, दोघी आपल्या पूर्वजही नाहीत. हवेचा प्रश्न प्रत्येकीने आपापल्या परीने सोडवला. त्या कुठेतरी 'पोहोचायच्या' आहेत असे समजण्याचे कारण नाही; त्या आहेत तिथे पुऱ्या आहेत.

"हे विज्ञानवाल्यांचे, आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे काय?" असे कोणी विचारील. मला वाटते, ही शिडी सर्वांत घट्ट आपल्याच भाषेत रोवलेली आहे. मुंबईला गेला तो 'पुढे गेला', खाडीवर राहिला तो 'मागे राहिला'. बोलीत बोलणारा 'मागासलेला'. इतकेच काय, खाडीचा चिखल म्हणजे 'पडीक जागा', भराव टाकून 'सुधारायची'! ज्या चिखलात निवटी राहते आणि कांदळवनाच्या मुळांशी माशांची पिल्ले वाढतात, त्याला पडीक म्हणणे हे अज्ञान आहे.

ऑस्ट्रेलियात मेरी नदीवर धरण व्हायचे होते. 2009 साली तेथील केंद्र सरकारने त्याला नकार दिला; ज्या दुर्मिळ प्राण्यांमुळे तो दिला त्यांत हा मासाही होता. एका माशासाठी एवढे? असे हसण्यापूर्वी आपण आपल्या खाडीकडे एकदा पाहावे. चिखलात तग धरणे ही हार नव्हे. कोट्यवधी वर्षे टिकलेल्याला मागासलेला म्हणण्याइतके आपण अजून जुने झालेलो नाही.