तीन अस्वले आणि एक कायदा

इंग्रजी परीकथांतून मुलांना नीती शिकायला मिळते, असे शिकलेली माणसे सर्रास सांगतात. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. आज पोहरादेवी परिसरातल्या तांड्यांवरचे आईबापही पोटाला चिमटा काढून पोरांना इंग्रजी शिकवतात. शिकवलेच पाहिजे. आमचा सवाल एवढाच की, या गोष्टींतली नीती कोणाची आणि कोणासाठी?

तीन अस्वलांची गोष्ट घ्या. सोनेरी केसांची मुलगी न विचारता परक्या घरात शिरते, लापशी खाते, खुर्ची मोडते, बिछान्यात झोपते आणि पळून जाते. तिला कोणी चोर म्हणत नाही. पण रॉबर्ट साउदीने १८३७ साली ही गोष्ट छापली तेव्हा घरात शिरणारी एक म्हातारी होती. शिपायाने तिला भटकी म्हणून पकडून सुधारगृहात धाडले असेल, असे लेखक शेवटी सुचवतो. पुढे १८४९च्या सुमारास जोसेफ कंडॉलने म्हातारीच्या जागी गोंडस मुलगी आणली. कालांतराने सुधारगृहही गळाले. कृत्य तेच, माणूस बदलला, तसा न्याय बदलला!

याच इंग्रजांनी १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला आणि इथल्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर पोचवणारा बंजारा रेल्वे आल्यावर धंद्यातून उठला. काही प्रांतांत या कायद्याच्या यादीत बंजारा-लमाणांचीही नावे चढली. नाव नोंदवा, हजेरी द्या, पासाशिवाय हलू नका! जन्मावरून माणूस तोलण्याची रीत इथे जुनीच होती. इंग्रजांनी तिला पोलीस चौकी जोडून दिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. पण संशयाची नजर गेली काय?

पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला तिथे लाखोंचा समुदाय लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयही उघडले. वारसा काचेआड जपला, हे बरेच झाले. पण तो मुलांच्या दप्तरात कधी जाणार? गोरबोलीतल्या गोष्टी आणि लेंगी गीते म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, तोवरच ती लिहून घेतली पाहिजेत. हे काम सरकारवर सोडून भागणार नाही. तांड्यातल्या शिकलेल्या तरुणांनीच ते अंगावर घ्यावे.

आणि शिक्षकांनी तीन अस्वलांची गोष्ट खुशाल सांगावी. मात्र मुलगी सांगितली, तशी म्हातारीही सांगावी. मग वर्गाला विचारावे: दोघींनी एकच केले, तर एक घरी आणि दुसरी सुधारगृहात का? हा प्रश्न ज्या पोराला पडेल, त्याला निराळा नीतिपाठ द्यावा लागणार नाही.