काडी देणारे शेजारी

घरगुती मसाले विकणारी मैत्रीण असो की कॉलनीतला टेलर, "आपली आयडिया कुणाला सांगायची नाही" हे वाक्य सगळ्यांच्याच तोंडी असतं. भीती खोटी नाही. आज सांगितलेलं गुपित उद्या शेजारच्या दुकानात दिसू शकतं. पण महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी नेमकं उलटं केलं.

शेतकरी आहेत, व्यावसायिक कुठे, असं म्हणू नका. मजुरी, औषधं, कर्ज, बाजारभाव असं सगळं सांभाळायचं आणि एका अवकाळी पावसात वर्षाचा हिशेब कोलमडलेला बघायचा. याहून जोखमीचा बिझनेस शोधावा लागेल.

सोलापूरजवळ नान्नज हे गाव आहे. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळे नाव ऐकलं असेल. तिथल्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून लांबट मण्यांची जात निवडली, ती 'सोनाका'. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं! तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' ही जात अशीच निवडली. आता गंमत बघा. द्राक्षाची नवी वेल काडीपासून तयार होते. म्हणजे काडी कुंपणाबाहेर गेली की गुपितही गेलं. तरी या काड्या गावोगावी गेल्या. (काड्या करणारे शेजारी आपण सगळ्यांनी पाहिलेत, हे काडी देणारे!)

यात मनाचा मोठेपणा असेलच, पण रोकडा फायदाही आहे. परदेशी पाठवायचा कंटेनर भरायला कित्येक टन द्राक्षं लागतात, तीही सारख्या आकाराची, सारख्या गोडीची आणि एकाच वेळी तयार असलेली. दोन-अडीच एकरवाल्याला एकट्याला हे जमणं अवघडच. शेजाऱ्याची बाग कच्ची राहिली, तर आपलाही माल अडतो. म्हणून 1991 मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स' या नावाखाली एकत्र आल्या. सुरुवातीला युरोपात बराच माल नाकारला गेला. मग काढणीनंतर द्राक्षं लगेच थंड कशी करायची, पॅकिंग कसं करायचं, हे सगळे मिळून शिकले.

न सांगण्याची किंमतही या धंद्याला ठाऊक आहे. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. गिऱ्हाईक काही एकेका बागेचं नाव बघत नाही. ते 'भारतीय द्राक्षं' एवढंच वाचतं. त्यामुळे ज्यांनी ते औषध वापरलं नव्हतं, त्यांनाही झळ बसली. आपल्या बागेत काय फवारलं आणि त्याचं काय झालं, हे शेजाऱ्याला सांगणं म्हणजे स्वतःचाच माल वाचवणं.

म्हणून सगळंच सांगत सुटायचं का? मला नाही वाटत. मैत्रिणीने मसाल्याचं प्रमाण स्वतःपाशीच ठेवावं. पण मिरची चांगली कुठे मिळते, कोणता कुरिअरवाला पाकिटं फाडतो, कोणतं दुकान तीन-तीन महिने पैसे अडवून ठेवतं, हे तिने गल्लीतल्या दुसऱ्या मसालेवालीला सांगितलं तर तिचं काय जाणार आहे? दोघींनी मिरची एकत्र घेतली, तर पोत्यामागे भावही कमी लागेल.