डोळे उघडे, स्मृती कोरी

तुळिंजच्या वस्तीत भल्या पहाटेच दारांना कुलुपे लागू लागतात. नालासोपारा स्थानकावर मुंबईकडे जाणारी गाडी गाठण्यासाठी घरातील कर्ती माणसे बाहेर पडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या बारा-चौदा तासांत घराची राखण कोणी करायची, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ‘शेजारी’ असे होते; आता ते ‘सीसीटीव्ही’ असे झाले आहे. सोसायटीच्या फाटकावर, जिन्यात, चाळीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या छपराखाली आणि आताशा घराच्या चौकटीवरही हे डोळे बसले आहेत. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र या डोळ्यांनी पाहिलेले कोठे साठते, किती दिवस टिकते आणि कोणाच्या हाती असते, याचा विचार कॅमेरा विकत घेताना क्वचितच होतो. चोरी झाल्यावर तो होतो आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

ही केवळ तर्काने उभी केलेली भीती नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा आधीच्या पंधरा दिवसांचे चित्रण गहाळ असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. त्यानंतर शाळांत कॅमेरे सक्तीचे करणारा शासन निर्णय निघाला. तो योग्यच होता. परंतु त्या प्रकरणात उणीव भासली ती कॅमेऱ्यांची नव्हे, तर जपून ठेवलेल्या चित्रणाची, हे विसरून चालणार नाही.

चित्रण का नाहीसे होते, हे साध्या अंकगणिताने समजते. नेहमीच्या वापरातील एक कॅमेरा सेकंदाला सुमारे एक मेगाबिट एवढी माहिती साठवतो, असे धरले, तर चोवीस तासांत ती जवळजवळ अकरा गिगाबाइट होते. म्हणजे चौसष्ट गिगाबाइटचे मेमरी कार्ड पाच-सहा दिवसांत भरते. चार कॅमेऱ्यांना मिळून एक टेराबाइटची हार्ड डिस्क असेल, तर ती तीन आठवड्यांच्या आसपास पुरते. जागा संपली की यंत्र जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते आणि त्यासाठी कोणाची परवानगी विचारत नाही. गावी गेलेले कुटुंब गणपती आटोपून दहा दिवसांनी परतले आणि कुलूप तुटलेले दिसले, तर मेमरी कार्डावर त्या रात्रीचा मागमूसही उरलेला नसतो. याच सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बावीस शतके टिकलेल्या नोंदीच्या गावात आपली नोंद आठवडाभरही टिकत नाही, ही विसंगती आपणच ओढवून घेतलेली आहे.

घरात साठवण करण्याचे लाभ उघड आहेत. एकदा खर्च केला की दरमहा वर्गणी नाही, इंटरनेट बंद पडले तरी चित्रण चालू राहते आणि ते परक्याच्या हाती जात नाही. तथापि, ज्या घरात चोर शिरतो त्याच घरात साक्षही ठेवलेली असते. चित्रण साठवणारा डीव्हीआर दूरचित्रवाणी संचाशेजारी दिमाखात मांडून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. तो काखोटीला मारून नेणे चोराला अवघड नाही. दुसरे संकट पाण्याचे आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वसई-विरारचा बराच भाग अंधारात बुडाला. अशा गावात तळमजल्यावरील पहारेकऱ्याच्या खोलीत जमिनीलगत यंत्र ठेवणे म्हणजे पुराला आमंत्रण देणे होय.

यावर क्लाउड हा उपाय सांगितला जातो. दूरच्या संगणकावर चित्रण क्षणात पोहोचते. मग येथील यंत्र फोडले वा बुडाले तरी नोंद शाबूत राहते. हा लाभ मोठा आहे. परंतु क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. ते दुसऱ्या कोणाचे तरी कपाट आहे आणि त्याची एक किल्ली त्याच्याकडेही असू शकते. ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहू दिले, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली ठेवला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणी अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीकडील तरुणही होते. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा आणि न बदललेला सोपा पासवर्ड एवढे भांडवल अशा गुन्ह्याला पुरते. शिवाय वर्गणी थकली की साठवणही संपते, हे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले नसते.

चित्रण टिकले तरी ते पुरावा म्हणून उभे राहीलच असे नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला, की मूळ यंत्र न्यायालयापुढे न आणता त्यातील प्रत द्यायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नेही ते प्रमाणपत्र कायम ठेवले असून, त्यात चित्रणाची बोटाच्या ठशाप्रमाणे ओळख पटविणारा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. डीव्हीआरच्या पडद्याचे मोबाइलने चित्रण करून ते व्हॉट्सॲपवर फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्राचे घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल, तर बचावपक्षाच्या वकिलाला आणखी काय हवे?

आणि या डोळ्यांपुढे केवळ चोर येत नाहीत. शाळेतून परतणारी मुलगी, घरकामाला येणारी बाई, समोरच्या दारातील म्हातारा, सारेच त्यात टिपले जातात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मान्य केले आहे, आणि एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरा लावणे अयोग्य ठरविले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट दिली असली, तरी त्या सवलतीवर सोसायटीच्या समितीने विसंबून राहू नये.

मग करावे काय? घर असो वा सोसायटी, मुख्य साठवण स्थानिकच असावी. पण ती वरच्या मजल्यावर, कुलूपबंद जागी आणि वीज गेल्यास काही वेळ चालेल अशा बॅटरीसह असावी. किमान तीस दिवसांचे चित्रण राहील एवढी डिस्क हिशेब करून घ्यावी. क्लाउडचा उपयोग सर्रास न करता दार, फाटक आणि जिना एवढ्यापुरता, हालचाल झाली त्याच क्षणांसाठी करावा. शयनगृहाचा किंवा मुलांच्या खोलीचा कॅमेरा इंटरनेटला जोडूच नये. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांची सुरक्षा चाचणी केंद्र सरकारने सक्तीची केली आहे. स्वस्ताईला भुलून बिनचाचणीचा माल घेऊ नये. सोसायटीने चित्रण कोण पाहील, कोणाला देईल, कधी पुसेल याचा ठराव सर्वसाधारण सभेत करावा आणि दर महिन्याला एकाने मागील तारखेचे चित्रण खरोखर उघडते का, हे पाहून वहीत सही करावी. कारकुनी कामाची ही शिस्त आपल्या मध्यमवर्गाला नवी नाही.

पोलीस ठाण्यांतील चित्रण अठरा महिने, आणि तसे यंत्र न मिळाल्यास निदान एक वर्ष ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला. मग नागरिकांच्या कॅमेऱ्यांविषयी मौन का? मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने आणि महापालिकेने मिळून सोसायट्यांसाठी पानभराची मराठी सूचना काढावी: किती दिवस साठवावे, तपासासाठी प्रत कशी द्यावी, प्रमाणपत्र कसे भरावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि खर्चही नाममात्र आहे. कॅमेरा हा पहारेकरी नव्हे, तो साक्षीदार आहे. साक्षीदाराची स्मृती जपण्याची तजवीज न करता केवळ त्यांची संख्या वाढवीत राहिलो, तर तुळिंजच्या कुलूपबंद दारांना त्यातून आधार मिळणार नाही; मिळेल तो केवळ आधाराचा भास.