गोळी कोणाच्या वेळेला?



शिरूरच्या मागच्या बैठकीत एक मैत्रीण बसल्या बसल्या झोपली. भिंतीला डोकं टेकलं आणि गेलीच. कोणी हसलं, कोणी तिला हलवायला लागलं, तेव्हा तिची शेजारीण म्हणाली, "झोपू द्या हो. वर्ष झालं, सलग तीन तास डोळा लागलेला नाही तिचा."

चहाच्या वेळी ती उठली आणि ओशाळून बोलू लागली. सासऱ्यांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन. दिवसा गोळी लागू पडली की धरून धरून ओट्यापर्यंत येतात. रात्री साडेबारा-एकला मात्र अंग लाकडासारखं होतं. कूस बदलता येत नाही. लघवीला चारदा उठावं लागतं, संडास अंगणापलीकडे, आणि उसात बिबट्याचा वावर. हाक येते ती सुनेलाच. सुनेने सासऱ्यांना उठवून न्यायचं, यातला संकोच दोघांचाही, पण नवऱ्याला सकाळी रांजणगावला पहिल्या पाळीला जायचं असतं म्हणून त्याला कोणी उठवत नाही.

आम्ही विचारलं, शेवटची गोळी किती वाजता? "आठला, जेवणावर." आणि त्यानंतरची? "सकाळी आठला, नाश्ता झाला की."

म्हणजे बारा तासांचा उपास! या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं आणि लेव्होडोपाची गोळी ते भरून काढते. पण रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासातच निम्म्यावर येतं. आजार नवा असतो तेव्हा हे जाणवत नाही, कारण मेंदूकडे थोडी शिल्लक असते. वर्षं जातात तशी शिल्लक संपते आणि गोळीचा अंमल काही तासांवर येतो. आठची गोळी मध्यरात्रीपर्यंत संपलेली असते. "म्हातारपणी झोप कमीच" असं म्हणून आपण जे सोडून देतो, ते पुष्कळदा या संपलेल्या गोळीचं दुखणं असतं.

मग आठ ही वेळ ठरवली कोणी? चिठ्ठीवर असतं १-१-१. त्याचा अर्थ आपल्या घरात सकाळ, दुपार, रात्र, जेवल्यावर. मेंदूच्या तज्ज्ञाला दाखवायचं तर सुमारे ७० किलोमीटरवर पुण्याला जायचं. जातात सासरे आणि मुलगा. डॉक्टर विचारतात, झोप कशी आहे? मुलगा सांगतो, बरी आहे. त्याची बरीच असते! रात्र जिला माहीत आहे ती घरी गोठ्यात.

बाईच आजारी असली तर गोष्ट आणखी वेगळी. दौंडच्या एका मैत्रिणीला स्वतःलाच कंपवात आहे. सगळ्यांचं वाढून, आवरून ती दहाला जेवायची आणि आमटी-भाकरी, वर दूध घेऊन मग गोळी. लेव्होडोपाला प्रथिनांचं वावडं आहे. डाळ-दूध पोटात असलं की गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवल्यावर तासाभराने घेणं बरं. पण सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला "आधी अर्धा तास" म्हणजे नेमकं किती वाजता, हे कोण सांगणार? त्यातच तिची अमँटाडिनची दुसरी गोळीही रात्रीच होती. हे औषध झोप उडवू शकतं, ते दिवसा लवकर घ्यायचं. घरच्यांनी मात्र तिला झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. ती अंधारात पडली, मनगट मोडलं. मग लेक स्वतः बरोबर गेली, डॉक्टरांनी वेळा बदलल्या, निजताना सावकाश विरघळणारी गोळी दिली. सगळी रात्र नाही, पण चार-साडेचार तास झोप आता मिळते.

मात्र वेळा मनाने बदलू नका. अंग ताठतं म्हणून जाग येत असेल तर रात्रीचं औषध वाढवावं लागतं. भलती स्वप्नं पडतात, नसलेली माणसं दिसतात म्हणून जाग येत असेल तर कदाचित कमी करावं लागतं. औषध एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. आणि खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण "आपलं गावठीच" म्हणून सोबत देऊ नका. त्यात लेव्होडोपाच असतं, म्हणजे न मोजलेली जादा गोळी.

करायचं ते एवढंच, की आठ दिवस वही ठेवायची. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, जाग किती वाजता आणि कशाने. वही लिहील तिनेच डॉक्टरांसमोर बसायचं. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर तिथेही गोळी घरच्याच घड्याळाने हवी असा आग्रह धरायचा. ब्रिटनमधल्या पार्किन्सनच्या संस्थेने २००६ पासून नेमकी हीच मागणी लावून धरली आहे. ती काही फाजील नाही.

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतं. शब्द गोड आहेत. शुभंकर मात्र पुल्लिंगी, आणि काम बहुतेक घरांत बाईचं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात पार्किन्सनची नोंद आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा. पण भत्ता आला तरी रात्रपाळी कोणाची, हा प्रश्न घरातच सोडवावा लागणार. कंपनीत रात्रपाळीला निदान साप्ताहिक सुट्टी असते.

शिरूरच्या मैत्रिणीच्या घरी गटातल्या दोघीजणी जाऊन बसल्या. वही दाखवली. सासरेच म्हणाले, "पोरीचे हाल होतात, मला दिसतं." बुधवार आणि शनिवारची रात्र मुलाची, असं ठरलं. पहिल्या बुधवारी त्याला जागच आली नाही, तीच उठली. दुसऱ्या बुधवारी तो उठला. वहीत त्याच्या अक्षरात नोंद आहे: १२.४०, ताठ. २.१५, लघवी. ४.००, पुन्हा.